सी. डी. देशमुख: अभ्यासिकेतल्या पोरांना दहा मिनिटांत काय सांगू?

पारावरचा_मास्तर (८ जानेवारी, रात्री ९:४०)

मंडळी, जरा मदत पाहिजे.

आमच्या गावात (तासगाव तालुका) ग्रामपंचायतीच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तीसेक पोरंपोरी बसतात. कुणी तलाठी भरतीचं करतंय, कुणी पीएसआयचं, दोघंतिघं राज्यसेवेचं. संक्रांतीला तिथं तिळगूळ वाटतात आणि वाटण्याआधी कुणीतरी दहा मिनिटं बोलायचं अशी पद्धत आहे. यंदा घोडं माझ्या दारात आलंय.

१४ जानेवारी ही चिंतामणराव देशमुखांची जयंती. जन्म १८९६, महाडजवळचं नाते गाव. ते डोक्यात यायला कारण घडलं आज्जीच्या पत्र्याच्या ट्रंकेमुळं. दिवाळीत ती रिकामी केली, तर तळाला पसरलेल्या वर्तमानपत्राखाली दोन रुपयांची नोट सापडली. सहाव्या जॉर्जचं चित्र आणि खाली सही: सी. डी. देशमुख, गव्हर्नर. पोरांना दाखवली तर म्हणाली, "हे कोण? आमदार का?" तिथंच ठरवलं की बोलायचं तर याच माणसावर.

माझ्याजवळ जमलेलं असं: १९१२ ला मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र, रसायन, भूगर्भ. १९१८ च्या आयसीएसला (इंग्रजांच्या काळातली वरिष्ठ सनदी सेवेची परीक्षा) पहिले. १९४३ ला रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५० ला अर्थमंत्री. १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू.

माझा विचार आहे, राजीनाम्यावर शेवट करायचा. टाळ्या तिथंच पडतात. तुम्हाला काय वाटतं?

भडंगप्रेमी

नोटेचा फोटो टाका आधी. भाषणाचं नंतर बघू.

तिरकस_तात्या

दहा मिनिटांत एवढा माणूस? नुसती पदं वाचून दाखवली तरी तिळगूळ वाटायला मंगळवार उजाडेल.

माहुली_घाट

राजीनामाच घ्या मास्तर. आम्ही सातारकर, आमच्या घरात संयुक्त महाराष्ट्र म्हणजे काल-परवाची गोष्ट. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरू प्रतापगडावर महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा आमचे आजोबा काळं निशाण घेऊन पसरणी घाटात उभे होते. घरचं जेवण बांधून नेलेलं. निशाण म्हणजे आजीचा जुना परकर, काळा रंगवलेला. रंग कच्चा निघाला आणि परतताना आजोबांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. आजीनं तो परकर पुढं दहा वर्षं काढून दाखवला.

तर अशा वेळी दिल्लीत अर्थखात्याच्या खुर्चीवरून एक मराठी माणूस उठून जातो, ही लहानसहान बाब नव्हे. आणि आमच्याकडचे पुढारी तेव्हा काय करत होते? फलटणला यशवंतराव चव्हाणांनी नेहरूंच्या बाजूनं जे सांगितलं ते अख्ख्या जिल्ह्याला तोंडपाठ होतं. ५७ ला कराडात ते कसेबसे वाचले, आणि इकडं साताऱ्यातून नाना पाटील लोकसभेत गेले.

भडंगप्रेमी

"आम्ही सातारकर" जपून म्हणा. तेव्हा आम्हीही साताराच होतो, फक्त दक्षिण. सांगली जिल्हा हे नाव १९६० चं. निम्मं श्रेय इकडं पाठवून द्या.

माहुली_घाट

श्रेय घ्या, परकर आमचा.

कुंडलकर_नातू

मी जरा उलटं बोलणार आहे, राग मानू नका.

माझे पणजोबा तुफान सेनेत होते, म्हणजे प्रतिसरकारच्या दलात. १९४३ ते ४६ आपल्या भागात हे प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेलं सरकार, चालू होतं. गावोगावी न्यायनिवाडे, ज्वारीच्या कणगीत लपवलेली माणसं, पोलीस आला की उसातून पसार. त्याच ४३ च्या ऑगस्टमध्ये हे साहेब रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, पुढच्या वर्षी ब्रिटिशांनी त्यांना 'सर' केलं. एकीकडं आमची माणसं भूमिगत, दुसरीकडं हे जॉर्जच्या चित्राखाली सही करतायत. अभ्यासिकेत नक्की कुणाचं कौतुक करायचं? तासगाव तालुक्यात उभं राहून? १९४२ च्या ३ सप्टेंबरला तासगावच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लावला होता लोकांनी. मामलेदारालाही गांधीटोपी घालायला लावली होती.

तिरकस_तात्या

कुंडलकर, एप्रिल ४४ ला तुमच्याच लोकांनी धुळ्याचा खजिना लुटला, साडेपाच लाखांचा. त्यातल्या काही नोटांवर देशमुखांचीच सही असणार. म्हणजे साहेबांनी चळवळीला मदत केली असं म्हणायला हरकत नाही, फक्त त्यांना कळवलं नव्हतं.

कुंडलकर_नातू

😄 हे मात्र पणजोबांना आवडलं असतं.

निवृत्त_नायब

कुंडलकरांचा मुद्दा रास्त आहे, पण पुरा नाही. देशमुख लंडनमध्ये असताना लोकमान्य टिळक तिथं होते, चिरोल नावाच्या इंग्रज पत्रकारावरच्या खटल्यासाठी. देशमुख त्यांना भेटले. नोकरी करावी की चळवळीत पडावं, हा घोळ मनात होताच. टिळकांनी सांगितलं की नोकरी घे, उद्या स्वराज्य आलं की कारभार कळणारी माणसं लागतील. मंडालेहून आलेल्या माणसानं हे सांगावं, यात पुष्कळ आलं.

मी महसूल खात्यात अव्वल कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंत बत्तीस वर्षं काढली. त्यामुळं मला राजीनाम्यापेक्षा वेगळ्याच गोष्टीचं कौतुक आहे. हा माणूस मध्य प्रांतात, रायपूरकडं, सेटलमेंट ऑफिसर होता, म्हणजे जमिनीचा शेतसारा ठरवणारा. मास्तर, तुमच्या पोरांना विचारा, सातबाऱ्यावर 'आकार' म्हणून जो आकडा येतो, चार रुपये सदतीस पैसे वगैरे, तो कुठून आला? निम्म्या पोरांना सांगता येणार नाही. कुणीतरी कधीकाळी त्या बांधावर उभं राहून माती हातात घेतली, काळी की मुरमाड ते पाहिलं, पाणी किती लांब, बाजार किती लांब, मागच्या वर्षांची पिकं काय, हे सगळं लिहिलं, तेव्हा तो आकडा पडला. मध्य प्रांतात तर काम दुप्पट. तिथं मालगुजार होते, म्हणजे मालगुजारानं सरकारला काय द्यायचं ते ठरवायचं आणि कुळानं मालगुजाराला काय द्यायचं तेही ठरवायचं. दोन्हीकडून शिव्या. तंबू टाकून महिनोन्‌महिने फिरायचं.

केंब्रिजला वनस्पतिशास्त्रात बक्षीस मिळवलेला मुलगा शेताच्या बांधावर उकिडवा बसून माती बघतोय, हे चित्र मला लोकसभेतल्या भाषणापेक्षा मोठं वाटतं. पुढं देशाचं अंदाजपत्रक मांडताना शेतसारा म्हणजे काय हे त्याला कागदावरून शिकावं लागलं नाही.

आमच्या वेळी आणेवारी (पीक किती आलं त्याचा अंदाज) लावायला जायचो तेव्हा पाटील आधी चहा पाजायचा आणि मग पीक दाखवायचा, तेही रस्त्याकडेचं. साहेब गाडीतून उतरून आत शिरला की पाटलाचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आत शिरणारे साहेब मी नोकरीत तीनच पाहिले.

भडंगप्रेमी

नायबसाहेब, ते रस्त्याकडेचं पीक आमच्या आबांचं असायचं बहुतेक. 🙏

माहुली_घाट

@निवृत्त_नायब, सगळं मान्य. पण बांधावर बसलेल्या साहेबावर पोरं टाळ्या वाजवणार नाहीत.

निवृत्त_नायब

टाळ्या वाजवायच्या असतील तर सिनेमातल्या फौजदारावर बोला. तलाठी व्हायला निघालेल्या पोरांना माती सांगा.

संध्याताई_मिरज

उशिरा आले, सगळं वाचलं. मी कॉलेजात सदतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं, त्यामुळं मास्तरांच्या यादीतल्या शेवटच्या ओळीवर थांबते. "मग विद्यापीठ अनुदान आयोग, मग कुलगुरू", असं आपण निवृत्तीनंतरच्या विरंगुळ्यासारखं लिहून मोकळे होतो.

आयोग १९५३ ला स्थापन झाला, शांतिस्वरूप भटनागर पहिले अध्यक्ष. ५६ साली त्याला कायद्याचं अधिष्ठान मिळालं आणि त्याच वर्षी देशमुख अध्यक्ष झाले, ते १९६१ पर्यंत. म्हणजे कालपर्यंत जो माणूस सगळ्या खात्यांना पैसे मोजून देत होता, तो आता विद्यापीठांसाठी पैसे मागणाऱ्याच्या खुर्चीत. अर्थखात्याची फाईल कुठं अडते आणि ती कुठल्या वाक्यानं सुटते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! प्राध्यापकांच्या पगाराची रड तेव्हा केवढी होती, हे माझे सर सांगायचे. शाळामास्तरापेक्षा बरं, बँकेतल्या कारकुनापेक्षा कमी. वेतनश्रेण्या सुधारण्यासाठी केंद्रानं वाटा उचलायचा, ही वाट त्या काळात पडली.

मग १९६२ ते ६७ दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. ६२ सालीच तिथं पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू झाले, देशातले पहिले. घरी टपालानं धडे येणार, उत्तरं लिहून टपालानंच पाठवायची. हे मास्तरांनी जरूर सांगावं.

आणि हो, त्याच माणसानं कालिदासाचं मेघदूत मराठी पद्यात आणलंय. गांधीजींची वचनं संस्कृतात. म्हातारपणी अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशावर काम. आपल्याकडं मोठ्या पदावरचा माणूस कविता करतो म्हटलं की लोक खुर्ची सरकवून बसतात, पण हे काम निराळं होतं.

एसटी_आगार

ताई, पत्रद्वाराचं वाचून लिहावंसं वाटलं. मी कधी लिहीत नाही इथं.

मी आगारात कंडक्टर होतो, आता वाहतूक नियंत्रक. बीए मुक्त विद्यापीठातनं केलं. नाशिकचं, यशवंतरावांच्या नावाचं. मुक्कामी गाडी शिराळ्याकडं जायची तेव्हा गाडीतच दिवा लावून पुस्तक वाचायचो. ड्रायव्हर ओरडायचा, बॅटरी उतरवतोस का म्हणून. शेवटी त्यानंच मला एक टॉर्च आणून दिला, ग्रामपंचायतीतल्या मेव्हण्याकडून. परीक्षेच्या दिवशी ड्यूटी बदलून घ्यायला जिवाचं रान करावं लागायचं. एकदा साहेब म्हणाले, कंडक्टरला बीए कशाला, तिकिटं इंग्रजीत फाडणार का.

घरबसल्या शिकायची सुरुवात ६२ ला झाली होती आणि ती मराठी माणूस कुलगुरू असताना, हे आज कळलं.

भडंगप्रेमी

साहेबाला बीए झाल्यावर पेढे दिले का नाही?

एसटी_आगार

दिले. साताऱ्याहून कंदी आणले खास. त्यांनी दोन घेतले.

प्रियांका_विटा

नमस्कार, मी स्वतः अभ्यासिकेत बसते (विटा, तिसरा प्रयत्न). मास्तर, एक विनंती आहे. कृपा करून "मॅट्रिकला पहिले, आयसीएसला पहिले" असं सुरू करू नका.

दर कार्यक्रमाला आमच्यासमोर कुणीतरी टॉपर आणून बसवतात. फेटा, सत्कार, "मी मोबाईल बंद ठेवला", टाळ्या. मागच्या वर्षी एकानं सांगितलं की मी फक्त सात महिने अभ्यास केला. माझ्या शेजारी बसलेल्या दादानं आठ वर्षं काढलीत. त्यानं तेवढ्यात बाहेर जाऊन पाणी प्यायलं. त्या दिवशी आम्ही कुणीच नीट जेवलो नाही.

आम्हाला माणूस पहिला आला यात काही मिळत नाही हो. खुर्चीवर बसल्यावर काय केलं ते सांगा. नायबकाकांनी आकाराचं सांगितलं, ते मी लगेच आमच्या घरच्या सातबाऱ्यावर बघितलं. दोन रुपये ऐंशी पैसे. आयुष्यात पहिल्यांदा त्या आकड्याकडं बघितलं.

निवृत्त_नायब

पोरी, मुरमाड असणार. पण हा आकडा लक्षात ठेवलास तर तोंडी परीक्षेला उपयोगी पडेल.

तिरकस_तात्या

आता माझं खरं विचारणं. मास्तर ज्या राजीनाम्यावर टाळ्या घेणार आहेत, तो दिला कधी आणि सोडलं कधी? मुंबई केंद्रशासित करायचा निर्णय जानेवारी ५६ चा. राजीनामा तेव्हाच दिला. खुर्ची मात्र जुलैत सोडली. मधे फेब्रुवारीचं अंदाजपत्रकही मांडलं. हा राजीनामा का रजेचा अर्ज?

संध्याताई_मिरज

तात्या, प्रश्न बरोबर विचारलात, उत्तर मात्र घाईचं. त्याच जानेवारीत १९ तारखेला आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, वटहुकूम काढून. आकाशवाणीवर ते जाहीर कुणी केलं? देशमुखांनीच. दोनशेच्या वर देशी-विदेशी विमा कंपन्या एका रात्रीत ताब्यात घ्यायच्या आणि कुणाला आधी कुणकुण लागू द्यायची नाही. कायदा व्हायला जून उजाडला, महामंडळ १ सप्टेंबरला सुरू झालं. घर अर्धं बांधून गवंडी निघून गेला तर आपण काय म्हणतो? आदल्या वर्षी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली तीही त्यांच्याच काळात.

जुलैत बाहेर पडताना लोकसभेत जे बोलले त्यात मुंबईतल्या आंदोलकांवरच्या गोळीबाराबद्दल आणि नेहरूंच्या वागण्याबद्दल काही राखून ठेवलं नाही. कुलाब्यातून निवडून आलेला माणूस होता, मतदारांना तोंड दाखवायचं होतं.

तिरकस_तात्या

गवंड्याचं पटलं. अर्धं पटलं. उरलेलं अर्धं माझ्या नावाला जागायला ठेवतो.

माहुली_घाट

एक जोड देतो. पद सोडल्यावरही गप्प बसले नाहीत. १९५९ ला त्यांनी जाहीर मागणी केली की मंत्र्यांवरच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासायला एक कायमचं, निःपक्ष न्यायमंडळ हवं. नेहरूंना ते पटलं नाही. त्याच साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोही सरकारी सेवेबद्दल. सरकारला टोचणाऱ्याला सरकारी सेवेचं बक्षीस!

भडंगप्रेमी

बँकांचा विषय निघालाच आहे तर सांगलीकरांच्या वतीनं दोन मिनिटं शांतता. सांगली बँक, १९१६ ते २००७. आमच्या घरातली सगळी पासबुकं त्या बँकेची. विलीन झाल्यावर आई पहिल्यांदा नव्या पाटीखाली उभी राहिली आणि मला म्हणाली, "आत जाऊ का नको?"

माहुली_घाट

युनायटेड वेस्टर्न, सातारा, १९३६ ते २००६. शांतता चार मिनिटं करा.

तिरकस_तात्या

धागा देशमुखांचा आहे, तेराव्याचा नाही.

बँकेवरून आठवलं. आमचे आजोबा सांगलीत हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. १२ जानेवारी १९४६ ला पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. दहा दिवसांत बदलून घ्या, आणि कुठून आल्या ते लिहून द्या. गव्हर्नर कोण? मास्तरांचे देशमुख. पेढीवर हजाराच्या काही नोटा होत्या. मालकानं आजोबांना विचारलं, लिहून काय द्यायचं? आजोबा म्हणाले, हळद. त्या वर्षी सरकारदरबारी आमच्या पेढीनं जेवढी हळद विकली तेवढी अख्ख्या सांगलीत पिकली नसेल.

कुंडलकर_नातू

😂

मास्तर, माझा विरोध मागं घेत नाही, पण एक सुचवतो. माझे पणजोबा आणि देशमुख दोघंही सांगा ना. एकानं सरकार मोडायला घेतलं, एक उद्याचं चालवायला शिकत होता. कोण मोठा ते पोरांना ठरवू दे. मारामाऱ्या झाल्या तर तिळगूळ आहेच.

पारावरचा_मास्तर (१५ जानेवारी, सकाळी ७:१५)

मंडळी, पार पडलं काल. दहाची सतरा मिनिटं झाली. सरपंच दोनदा घड्याळाकडं बघून गेले.

सुरुवात आकारापासून केली. प्रियांकाताई, "पहिला आला" हे शब्द पहिली दहा मिनिटं तोंडातून काढले नाहीत. नायबसाहेब, एका पोरानं तिथंच मोबाईलवर सातबारा काढला आणि पुढची पाच मिनिटं सगळी जण एकमेकांचा आकार विचारत बसली. मी गप्प उभा. मग रायपूरचा तंबू, मग धुळ्याचा खजिना आणि नोटा (हशा इथं पडला, तात्यांचे आभार), मग विमा, राजीनामा, मग टपालानं येणारे धडे. एसटीवाल्या दादांची गोष्ट नाव न घेता सांगितली. टॉर्चपाशी आलो तेव्हा मागच्या बाकावर एक पोरगी मान खाली घालून बसली होती. ती दिवसा पंपावर पेट्रोल भरते.

शेवटी प्रश्न विचारा म्हटलं. अकरावीतलं एक बारकं पोरगं उठलं. म्हणालं, "सर, हे १९६९ ला राष्ट्रपतीला उभे होते असं मी वाचलंय. मग तिथं तिसरे कसे आले? जन्मभर तर पहिले यायचे."

मला काय बोलावं सुचेना. खरंच आहे ते. गिरी निवडून आले, रेड्डी दुसरे, हे तिसरे. मी म्हटलं, तिथं पेपर दुसऱ्यांनी लिहायचा असतो. बरोबर बोललो का ते माहीत नाही, पोरं मात्र हसली.

तिरकस_तात्या

मास्तर, हे वाक्य माझं म्हणून खपवू का?

प्रियांका_विटा

थँक्यू मास्तर. आमच्याकडं पण या ना कधी.

भडंगप्रेमी

ते सगळं राहू द्या. नोटेचा फोटो अजून टाकला नाही तुम्ही. आठवडा झाला.

पारावरचा_मास्तर

टाकतो, पण आधी एक सांगा. नोट पोरांच्या हातातनं फिरवली. तिळगूळ तोवर वाटायला सुरुवात झाली होती. परत आली तेव्हा बरोबर सहीवर गुळाच्या अंगठ्याचा ठसा. 'देशमुख'मधलं निम्मं दिसेना. बायको म्हणते ओल्या कापसानं पुसा, मुलगा म्हणतो हात लावू नका, किंमत जाईल.

निवृत्त_नायब

पुसू नका. फाटेल. उन्हातही ठेवू नका, गूळ पाघळेल.

कुंडलकर_नातू

अंगठा कुणाचा ते बघा. आमच्याकडचा असेल तर मुद्दाम उठवलेला आहे.